बधिर हाताची नोंद कोण ठेवणार?

मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार
आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नंदुरबार
यांस खुले पत्र



कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघर जातात, अंगावरचे चट्टे पाहतात, संशयितांची यादी करतात. वैद्यकीय अधिकारी त्यातून रुग्ण निश्चित करतात आणि नवे रुग्ण किती सापडले तो आकडा जिल्ह्याकडून पुण्याच्या सहसंचालक कार्यालयाकडे रवाना होतो. सातपुड्याच्या चढउतारावर विखुरलेल्या पाड्यांतून हे काम करणे किती कष्टाचे आहे याची मला जाणीव आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. तरीही या आकड्यात एक गोष्ट कुठेच येत नाही. जो रुग्ण सापडला त्याचा हात, पाय आणि डोळा पुढच्या दोन वर्षांत शाबूत राहिला की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक कुष्ठरुग्णाच्या नसांची तपासणी दर महिन्याला व्हावी, तिची लेखी नोंद राहावी आणि गोळ्यांचा कोर्स संपल्यानंतरही ती निदान दोन वर्षे चालू राहावी. विशेषतः जो रुग्ण उशिरा सापडला, ज्याचा हात आधीच बधिर आहे, त्याच्याबाबत यात कसूर होऊ नये. असा रुग्ण हाताबाहेर गेला असे समजून आपण बाजूला ठेवतो; वैद्यकशास्त्राचा अनुभव मात्र सांगतो की सर्वांत जास्त लक्ष त्याच्याकडेच हवे.

ही मागणी का, ते समजण्यासाठी आधी आजाराचा स्वभाव पाहावा लागेल. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतल्या बर्गेन इथे गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंमध्ये याच्याइतका संथ जंतू क्वचितच असेल. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्ग झाल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे जातात, कधी २० वर्षेही. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून तो कातडीत, कानाच्या पाळीत, नाकात आणि कातडीलगत जाणाऱ्या नसांमध्ये वस्ती करतो. कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पावलाकडे उतरणारी नस, घोट्यामागची नस आणि पापणी मिटवणारी चेहऱ्याची नस या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. पहिला चट्टा फिकट किंवा लालसर असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? गजकर्ण खाजते म्हणून माणूस मलम मागायला येतो. हा चट्टा काहीच मागत नाही, आणि तोवर आतली नस सुजत, जाड होत, निकामी होत जाते.

कुष्ठरोगात बोटे झडतात हा समज अजून सुशिक्षितांतही आहे. बोटे झडत नाहीत. संवेदना गेलेल्या हाताला तवा भाजल्याचे कळत नाही, कोयत्याच्या मुठीने आलेला फोड कळत नाही, तळपायात घुसलेला काटा कळत नाही. जखम होते, तिच्यावरच काम चालू राहते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि हाड हळूहळू झिजून आत विरते. म्हणजे जे विद्रूपपण पाहून समाज शतकानुशतके दूर पळाला ते जंतूने थेट केलेले नसते. बधिर झालेल्या अवयवाला कोणी सांभाळायला शिकवले नाही म्हणून ते झालेले असते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण यातच उशिरा सापडलेल्या रुग्णासाठीही पुष्कळ काही करता येते याचा पुरावा आहे. नस मेली तरी जखम टाळता येते.

आता पहिला आक्षेप येईल तो असा, की कुष्ठरोगाचे निर्मूलन तर झाले. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण १० हजार लोकसंख्येमागे एकाच्या खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग संपल्याचे जाहीर झाले, हे खरे आहे. पण ते प्रमाण कसे मोजतात ते पाहा. एका ठरावीक दिवशी जेवढे रुग्ण औषधावर आहेत तेवढेच त्यात धरले जातात. सांसर्गिक रुग्णाचा कोर्स पूर्वी २४ महिन्यांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीच्या १९९७ च्या शिफारशीनंतर तो १२ महिन्यांवर आला. कोर्स निम्मा झाला की अशा रुग्णांची यादीतली नावेही निम्म्याने घटतात, मग पाड्यावर एकही संसर्ग कमी झालेला नसला तरी. कोर्स कमी करणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते, त्याबद्दल वाद नाही. मात्र त्यातून खाली आलेला आकडा आजार संपल्याची खूण मानणे चूक होते. २०२३ साली जगभरात १ लाख ८२ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले १ लाख ७ हजारांहून अधिक भारतातले होते. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, पालघर यांच्यासोबत नंदुरबारचे नाव जास्त प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत घेतले जाते. आणखी एक किंमत आपण चुकवली. कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाल्यावर केवळ कुष्ठरोगाचे काम करणारे अवैद्यकीय सहायक आणि तंत्रज्ञ निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. कोपरामागे बोट ठेवून जाड झालेली नस ओळखणारे हात त्यांच्याबरोबर गेले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटीच्या गोळ्या, जंतू मारण्यात अत्यंत प्रभावी आहेत. त्यातल्या रिफॅम्पिसिनचा पहिला डोसच बहुतेक सगळे जिवंत जंतू संपवतो. पण मेलेल्या जंतूंचे अवशेष कातडीत आणि नसांत कित्येक वर्षे पडून राहतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर अधूनमधून तुटून पडते. यालाच आपण रिअॅक्शन म्हणतो. पहिल्या प्रकारात जुने चट्टे सुजून लाल होतात, नस ठणकते, एका रात्रीत पाऊल लुळे पडू शकते. दुसऱ्या प्रकारच्या रिअॅक्शनमध्ये ताप येतो, सांधे सुजतात, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, डोळा लाल होतो. हे उपचार चालू असताना होते, तसेच उपचार संपल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनीही होते. आणि आपल्या नोंदवहीत तर शेवटचे पाकीट संपले त्या दिवशी रुग्ण उपचारमुक्त झालेला असतो. त्याच्या नावापुढे खूण झाली, नाव चालू यादीतून निघाले. त्यानंतर पाय लुळा पडला तर त्याची मोजदाद कोणत्या रकान्यात करायची?

याच्याशी मिळताजुळता प्रश्न अमेरिकेत दुसऱ्या एका आजाराने उभा केला आहे आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखे आहे. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावावरून ओळखला जाणारा लाइम आजार गोचिडीच्या चावण्यातून होतो. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे सुजू लागले तेव्हा त्याचा माग लागला आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्याचा जंतू ओळखला. त्याचीही सुरुवात कातडीवरच्या न दुखणाऱ्या चट्ट्याने होते आणि दुर्लक्ष झाले तर शेवट नसांत आणि सांध्यांत होतो. सावळ्या कातडीवर तो लाल चट्टा ठळक दिसत नाही, म्हणून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये तो आजार जास्त वेळा उशिरा, सांधे धरल्यावर ओळखला जातो. त्या आजाराची प्रतिजैविके पूर्ण झाल्यावरही काही रुग्णांचे दुखणे उरते. मग जंतू अजून आत लपला आहे असे गृहीत धरून महिनोन् महिने प्रतिजैविके देण्याची टूम निघाली. २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचण्यांत त्या लांबवलेल्या औषधांचा खोट्या गोळ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आपल्याकडे याच चुकीची दोन रूपे दिसतात. कोर्स संपल्यावर रुग्ण सुजलेला चट्टा घेऊन येतो तेव्हा काही ठिकाणी आजार परत उलटला म्हणून त्याला पुन्हा एमडीटी सुरू होते. काही ठिकाणी तुझा कोर्स झाला, आता काही नाही, असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. पहिल्यात वेळ वाया जातो, दुसऱ्यात नस. त्याला त्या क्षणी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड हवे असते, आणि तेही लवकर.

किती लवकर, याचे उत्तर उपलब्ध आहे. नसेचे काम बिघडून सहा महिने झाले नसतील तर स्टिरॉइडच्या काही महिन्यांच्या कोर्सने अनेकांची ताकद आणि संवेदना परत येते. नेपाळ आणि बांगलादेशात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा महिन्यांपेक्षा जुन्या बिघाडासाठी स्टिरॉइड दिली गेली तेव्हा त्यांचा वेगळा फायदा आढळला नाही. म्हणजे दार सहा महिने उघडे असते, मग बंद होते. ते दार उघडे असताना रुग्ण आपल्यासमोर असतो का, हाच खरा प्रश्न आहे. महिन्याला पाकीट घ्यायला तो उपकेंद्रात येतोच. पाकीट देतो त्याच वेळी त्याचा हात पाहिला तर बिघाड पहिल्या महिन्यात सापडेल. पाकीट हातात ठेवून पाठवला तर तो सापडेल बोटे वाकल्यावर.

बांगलादेशातलाच दुसरा अभ्यास, ज्याचे निष्कर्ष २००० मध्ये आले, माझ्या मागणीचा कणा आहे. त्यात नव्या रुग्णांच्या नसांवर दोन वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांचा आजार असांसर्गिक प्रकारचा होता आणि सुरुवातीला नस शाबूत होती, त्यांच्यात नव्याने नस बिघडण्याचे प्रमाण अवघे एक टक्क्याच्या आसपास निघाले. दोन्हींपैकी एकच गोष्ट प्रतिकूल असेल तर १६ टक्के. आणि सांसर्गिक प्रकार, शिवाय नोंदणीच्या वेळीच नस बिघडलेली, अशांमध्ये ६५ टक्के. हा शेवटचा गट म्हणजेच आपला उशिरा सापडलेला रुग्ण. त्याचा एक हात गेला म्हणून आपण हळहळतो, पण त्याचा दुसरा हात, दोन पाय आणि दोन डोळे अजून जायचे आहेत आणि त्याची आणखी एखादी नस नव्याने बिघडण्याचा धोका जवळपास तीनांपैकी दोन इतका मोठा आहे. विकृती एकदा आली की ती काही परत जात नाही, मग तिथे पैसा आणि माणसे कशाला घालवायची, असा व्यवहारी वाटणारा सूर प्रशासनात ऐकू येतो. त्याला या आकड्यांहून चांगले उत्तर नाही. याच आकड्यांत मनुष्यबळाच्या अडचणीचेही उत्तर आहे. सगळ्यांवर सारखे लक्ष ठेवणे जमत नसेल तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने सर्वांत जास्त धोक्याच्या रुग्णांची स्वतंत्र यादी करावी. ती यादी मोठी नसेल. डॉक्टरांना नावानिशी पाठ होईल इतकीच असेल.

तपासणीला यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगून तळहातावर आणि तळपायावर ठरलेल्या ठिकाणी बॉलपेनचे टोक हलके टेकवायचे आणि कळले का विचारायचे. करंगळी बाजूला ताणून धरायला सांगायची आणि ती आपल्या बोटाने आत ढकलून पाहायची. अंगठा वर उचलायला लावायचा, मनगट मागे वळवायला, पाऊल वर उचलायला, डोळे गच्च मिटायला. पाच ते दहा मिनिटे पुरतात. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पुस्तिकांमध्ये हे सगळे आहे, नवीन काही शोधायचे नाही. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे हे मान्य. म्हणून ही जबाबदारी त्यांच्यावर न टाकता समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्य सेवक-सेविकांवर असावी. स्टिरॉइड जोखमीचे औषध आहे, ते पाड्यावर कसे द्यायचे, ही शंका मात्र रास्त आहे. क्षयरोग दबलेला असेल तर स्टिरॉइडने तो उफाळतो, साखर वाढते, रक्तदाब वाढतो. उत्तर असे की सुरुवात डॉक्टरांनी करावी, आधी क्षयरोगाची चौकशी आणि थुंकीची तपासणी व्हावी, पोटातल्या जंतांचे औषध द्यावे आणि पुढचे डोस हळूहळू उतरवत देखरेखीखाली द्यावेत. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या त्वचारोग आणि औषधवैद्यक विभागाने आठवड्यातला एक दिवस अशा रुग्णांसाठी राखून ठेवला, आणि दुर्गम केंद्रातल्या डॉक्टरला त्यांना फोनवर विचारता आले, तर ही भीती बरीच ओसरेल.

नंदुरबारचे म्हणून काही वेगळे प्रश्न आहेत, ते पुण्यात छापलेल्या सूचनांत येत नाहीत. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. पाच हजारांहून अधिक सिकलसेल रुग्ण असावेत असा अंदाज ज्या मोजक्या जिल्ह्यांसाठी वर्तवला गेला त्यांत नंदुरबार आहे. ताप, सांधेदुखी आणि हातपाय ठणकणे म्हटले की इथल्या डॉक्टरांच्या मनात आधी सिकलसेल, मलेरिया, टायफॉइड येतात आणि ते बरोबरच आहे. पण कुष्ठरोगाची दुसऱ्या प्रकारची रिअॅक्शनही नेमकी तशीच दिसते. अशा रुग्णाला शर्ट काढायला लावून पाठ पाहिली, कानाची पाळी चाचपली, कोपरामागे बोट फिरवले, तर गफलत टळेल. पायावरच्या जखमेचेही तसेच. सिकलसेलची जखम घोट्याच्या आसपास होते आणि फार दुखते. कुष्ठरोगाची तळपायावर, भार पडतो तिथे होते आणि दुखत नाही. दुसरी गोष्ट एमडीटीतल्या डॅप्सोनची. हे औषध तांबड्या रक्तपेशी काही प्रमाणात फोडते आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये ते फार जोरात घडते. जिथे मुळात रक्त कमी, तिथे एमडीटी सुरू करण्याआधी आणि पहिल्या दोन महिन्यांत हिमोग्लोबिन पाहायलाच हवे, सिकलसेलचे कार्ड मागायलाच हवे. एमडीटीतल्याच क्लोफॅझिमिनने कातडी काळपट होते, रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते. हे आधी, रुग्णाच्या भाषेत सांगितले नाही तर तो घाबरून गोळ्या सोडतो. आणि ती भाषा बहुतेक वेळा पावरी, भिलोरी, मावची किंवा देहवाली असते. मराठीतला फलक उपकेंद्राच्या भिंतीवर लावून ही जबाबदारी पार पडत नाही.

सगळ्यांत मोठा अडसर स्थलांतराचा. पावसाळी पीक निघाले, दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याची कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. सांसर्गिक रुग्णाचा कोर्स १२ पाकिटांचा आहे आणि ती १८ महिन्यांत पूर्ण करायची मुभा आहे. एक हंगाम पूर्ण बुडाला तर ती मुभा जवळजवळ संपते. म्हणून निघण्याआधीच पुढच्या महिन्यांची पाकिटे मोजून हातात द्यावीत. रुग्णावर विश्वास ठेवून संपूर्ण औषध सोबत देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने फार पूर्वीच मान्य केली आहे. मात्र पाकिटे दिली की आपण त्याच्या नसा पाहण्याची संधी गमावतो, आणि कोयता तर बधिर हाताचा वैरी आहे. त्यामुळे निघताना एकदा आणि परतल्यावर आठवड्याच्या आत एकदा अशी तपासणी ठरवून व्हावी. मुकादमांच्या याद्या आणि आरोग्य केंद्राच्या याद्या ऑक्टोबरातच पडताळाव्यात. सुरत, नवसारी, तापी या जिल्ह्यांच्या प्रशासनाशी आपण पत्रव्यवहार करून तिथल्या केंद्रांत या रुग्णांना गोळ्या आणि स्टिरॉइड मिळतील अशी सोय लावू शकता. हे जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरच होऊ शकते, उपकेंद्राच्या नाही.

लोकच लपवतात, आधी भगताकडे, बडव्याकडे जातात, मग आम्ही काय करणार, असेही म्हटले जाते. लपवण्याला कारणे होती आणि ती कायद्यात होती. १८९८ चा लेपर्स कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले. सव्वाशे वर्षांची भीती दोन-चार वर्षांत जाणार नाही. परंतु भगताकडे माणूस जातो कारण भगत त्याच्या पाड्यावर असतो, त्याच्या भाषेत बोलतो आणि अंगाला हात लावतो. यातली शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहिली. नसांची तपासणी हात लावल्याशिवाय होत नाही. दर महिन्याला सरकारी कर्मचारी रुग्णाचा तळहात आपल्या हातात घेतो हे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी पाहिले, तर भीती घालवण्याचे काम तिथेच सुरू होते. भगतांनाही या कामात घेता येईल. बधिर चट्टा दिसला तर आमच्याकडे पाठवा, एवढे त्यांच्याशी बोलून ठरवता येते.

ज्यांची बोटे वाकून गेली आहेत, पाऊल लोंबते आहे, त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तरतुदी आहेत आणि कमतरता फक्त पोहोचण्याची आहे. हातपाय रोज अर्धा तास पाण्यात बुडवणे, कडक कातडी घासून काढणे, ओल्या कातडीवर तेल लावणे, रात्री जखमा तपासणे, एवढ्या चार सवयींनी तळपायाच्या जखमा मोठ्या प्रमाणात थांबतात. मऊ रबराच्या एमसीआर चपला शासन देते. त्या पायाच्या मापाच्या आणि वेळेवर मिळाव्यात. वाकलेली बोटे आणि लुळे पाऊल शस्त्रक्रियेने पुष्कळ सुधारता येते. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. आज महाराष्ट्रात कोंढव्याच्या बांदोरवाला रुग्णालयात आणि अचलपूरजवळच्या कोठारा इथे ते होते, रुग्णाला बुडीत मजुरीपोटी १२ हजार रुपयांचे अनुदानही आहे. पण धडगावच्या माणसाला कोंढवा म्हणजे परदेश. सोबतीला माणूस, येण्याजाण्याची गाडी आणि महिनाभर घर चालण्याची व्यवस्था जिल्ह्याने केली नाही तर ते अनुदान कागदावरच राहते. आदिवासी विकास विभागाचे नंदुरबार आणि तळोदा हे दोन्ही प्रकल्प यात हात देऊ शकतात. आणखी एक नाजूक गोष्ट. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पण हाताची बोटे झिजलेल्या माणसाचा ठसा उमटत नाही. ठसे नसणाऱ्यांची आधार नोंदणी करण्याची सोय नियमांत आहे, रेशन देतानाही पर्याय आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानदाराला आणि आधार केंद्राला ते ठाऊक आहेत, याची खात्री आपण करून घ्यावी.

शेवटचा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवत नाही, पण तो सर्वांत जड आहे. नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे, त्याची दरमहा गुणांनी मोजदाद होते. नसा तपासू लागलो तर विकृती असलेल्यांचा आकडा वाढलेला दिसेल आणि प्रश्न आम्हालाच विचारले जातील, अशी भीती कोणाही अधिकाऱ्याला वाटू शकते. ती भीती मी क्षुल्लक मानत नाही. म्हणून आपण दोघांनी पहिल्या बैठकीतच लेखी स्पष्ट करावे, की पहिल्या वर्षी हा आकडा वाढणार आहे आणि वाढला म्हणून कोणत्याही वैद्यकीय अधिकाऱ्याला जाब विचारला जाणार नाही. जाब विचारायचा असेल तर दुसऱ्याच आकड्याबद्दल विचारा: नोंदणीच्या दिवशी शाबूत असलेल्या किती नसा आपल्या औषधोपचाराखाली असताना गेल्या? हा आकडा आज मासिक आढाव्यात मागितला जात नाही. तो मागितला गेला, की पाकीट देणारा माणूस आपोआप हात पाहू लागेल.

मोठ्या निधीची ही मागणी नाही. सहायक संचालक, कुष्ठरोग यांच्या कार्यालयाने गेल्या पाच वर्षांत उपचारमुक्त झालेल्या सर्व सांसर्गिक रुग्णांची गावनिहाय यादी काढावी. ऊसतोडीची कुटुंबे गावात असतात त्या जून ते सप्टेंबरच्या काळात त्या प्रत्येकाच्या हातापायाची आणि डोळ्यांची एकदा तपासणी व्हावी. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहेच, त्याच्या फेऱ्यांत हे काम धरावे. ज्यांच्यात सहा महिन्यांच्या आतला बिघाड सापडेल त्यांना त्याच आठवड्यात प्रेडनिसोलोन मिळावे. दर महिन्याच्या आढावा बैठकीत वर सांगितलेला एक रकाना वाढवावा आणि त्याची पहिली बैठक आपण येत्या पावसाळ्याआधी घ्यावी, ही माझी आपणा दोघांना विनंती आहे.

आपला नम्र,
एक मराठी लेखक